कमवा आणि शिका : कर्मवीर भाऊराव पाटील

पनवेल हे कोकणच्या उंबरठ्यावरील जुने गाव आहे. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास डोंगरांची रांग आणि मधून मुंबईहून पुण्याकडे जाणारा रस्ता, अशी त्याची जागा. एके काळी येथील खाडीत गलबते येत आणि भाताचा मोठा व्यापार चाले. आसपासच्या खेड्यांत भात पिकविणारे शेतकरी, मिठागरांत राबणारे मजूर आणि खाडीत जाळे टाकणारे कोळी राहत. त्यांच्या मुलांपैकी एखादा हुशार मुलगा मॅट्रिक झाला, तर घरच्यांना आनंद होई. पण त्या आनंदापाठोपाठ काळजीही येई. पुढे शिकावयाचे तर मुंबईस किंवा पुण्यास जावयाचे. तेथे महाविद्यालयाची फी, खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि पुस्तके, हा सारा खर्च कोठून आणावयाचा? भाताच्या एका पिकावर जगणाऱ्या कुटुंबाला हा प्रश्न डोंगराएवढा वाटे. पुष्कळ मुलांचे शिक्षण या डोंगराच्या पायथ्याशीच थांबे.

१९७० साली पनवेलला महात्मा फुले यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. ते ज्या रयत शिक्षण संस्थेने काढले, तिचे मूळ मात्र कोकणात नाही. ते सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यात आहे. या संस्थेचे संस्थापक त्यापूर्वी अकरा वर्षे निवर्तले होते. त्यांनी स्वतः महाविद्यालयाचे शिक्षण कधी घेतले नव्हते. इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या पुढे त्यांची मजल गेली नव्हती. तरीही गरिबाच्या मुलाने उच्च शिक्षणाचा खर्च कसा भागवावा, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांनी शोधले आणि ते आयुष्यभर आचरून दाखविले. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा व आईचे गंगाबाई. घराणे जैन धर्माचे. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे त्यांचे गाव. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली होईल तेथे कुटुंब जाई. भाऊराव शरीराने धिप्पाड, वृत्तीने निर्भय आणि काहीसे हूड होते. अभ्यासापेक्षा तालमीत आणि पोहण्यात त्यांचे मन अधिक रमे. मात्र अन्याय दिसला की ते स्वस्थ बसत नसत. अस्पृश्य मानलेल्या लोकांना एका विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्यांनी तिचा रहाटच मोडून टाकला होता, अशी त्यांच्या बालपणीची हकिकत सांगतात.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. खेड्यांतील मुलांना शहरात राहण्याची सोय नसेल, तर नुसत्या शाळा काढून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९०१ सालापासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असा त्यांना हुकूम झाला. माणसांच्या सहवासाने माणूस बाटतो, हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला. तेव्हा वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना वसतिगृहातून काढून टाकले. पुढे महाराजांनी त्यांना आश्रय दिला. परंतु शिक्षण रखडत गेले आणि अखेर सुटले.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगण्याजोगा आहे. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला. या प्रकरणी लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून पोलिसांनी भाऊरावांना धरले आणि त्यांचा अतोनात छळ केला. ज्यांनी आपल्याला वसतिगृहातून काढले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ती संधी होती. भाऊरावांनी छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

शाळा सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यानंतर त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. नांगर विकण्यासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागे. शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसावे, त्यांची भाकरी खावी, त्यांच्या अडचणी ऐकाव्या, असा त्यांचा क्रम असे. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे न कळता अंगठा उठविणारे शेतकरी त्यांनी पाहिले. हुशार असूनही गुरांमागे जाणारी मुले त्यांनी पाहिली. या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, ही महात्मा फुल्यांची शिकवण त्यांच्या मनात होतीच. आता तिचा प्रत्यय रोज येऊ लागला.

१९१९ साली, ४ ऑक्टोबर रोजी, कऱ्हाडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. त्या ठिकाणी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे सामान्य प्रजा, शेतात राबणारी जनता. जी संस्था रयतेसाठी निघाली, ती रयतेच्या बळावरच चालली पाहिजे, असा त्यांचा संकल्प होता. पुढे संस्थेने वटवृक्ष हे आपले चिन्ह मानले. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच नवे खोड होते. त्याप्रमाणे एका शाळेतून दुसरी शाळा निघावी, अशी त्यामागील कल्पना.

१९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे भाऊरावांनी एक वसतिगृह काढले. प्रारंभी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच मुले होती. पण त्यांच्यात मराठा होते, महार होते, मांग होते, जैन होते, मुसलमानही होते. सारी मुले एकाच पंगतीस बसत, एकाच विहिरीचे पाणी पीत आणि एकाच सतरंजीवर झोपत. आज यात नवल वाटणार नाही. त्या दिवसांत मात्र ही गोष्ट पाहण्यास लोक लांबून येत आणि कित्येक नाके मुरडून परत जात. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

मुले वाढू लागली, तसा खर्चही वाढू लागला. भाऊराव झोळी घेऊन गावोगाव जात. कोणी ज्वारीचे पोते देई, कोणी गुळाची ढेप देई, कोणी नुसतेच पुढच्या सुगीचे वचन देई. घरातील बाईने दळणाला बसण्यापूर्वी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूस काढावे, अशी प्रथा त्यांनी पाडली. एका मुठीने कोणाचे घर रिकामे होत नाही. परंतु शेकडो घरांतील मुठी एकत्र झाल्या, म्हणजे मुलांच्या पोटापाण्याची सोय होते.

तरीही काही दिवस असे येत, की कोठीत दाणा नसे. अशा दिवसांत वसतिगृह तगले ते भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यामुळे. लक्ष्मीबाई धर्माचे आचार कसोशीने पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. सर्व जातींच्या मुलांसाठी स्वतः रांधणे आणि त्यांना वाढणे त्यांना प्रथम जड गेले असेल. पण पुढे त्या या मुलांच्या आईच झाल्या. मुले आजारी पडली, तर त्या उशाशी बसत. पैसे संपले, तेव्हा त्यांनी अंगावरील एकेक दागिना उतरवून दिला. बांगड्या गेल्या, गळ्यातील सोने गेले. एके दिवशी भाऊराव परगावी असता घरात काहीच उरले नाही आणि मुले जेवणाची वाट पाहत होती. त्या वेळी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र काढून दिले आणि त्याच्या पैशांतून धान्य आणविले. हिंदुस्थानातील स्त्री मंगळसूत्राला किती जपते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या त्यागाचे मोल वेगळे सांगावयास नको. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. मुले त्यांच्या डोळ्यांदेखत शिकू लागली होती. पण त्या मुलांनी उभारलेली महाविद्यालये पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

दागिने एकदाच विकता येतात. मंगळसूत्र दुसऱ्यांदा काढून देता येत नाही. दात्याचे मन आज प्रसन्न असते, उद्या नसते. तेव्हा मुलांचे शिक्षण दुसऱ्याच्या औदार्यावर कायमचे सोपविणे धोक्याचे आहे, हे भाऊरावांस दिसत होते. शिवाय दुसराही एक विचार त्यांच्या मनात होता.

पूर्वीही गरीब विद्यार्थी शिकत नव्हते असे नाही. पुण्यासारख्या शहरात कित्येक विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. काही जण वार लावून जेवत. म्हणजे आठवड्यातील सात दिवस सात निरनिराळ्या घरी त्यांच्या जेवणाची सोय असे. शाळेत हुशार व गरीब मुलाला नादारी मिळे, म्हणजे फी माफ होई. या मार्गांनी शिकून मोठे झालेले पुरुष महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. परंतु माधुकरी आणि वार या सोयी बहुधा ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळत. शेतकऱ्याच्या मुलाला शहरात ओळखीचे घर नसे आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर कोणी दारातही उभे करीत नसे. राजेरजवाड्यांच्या शिष्यवृत्त्या होत्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्या साहाय्याचे त्यांनी सोने केले. पण अशी शिष्यवृत्ती हजारांत एकाला लाभते. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांनी काय करावे?

भाऊरावांनी पाहिले, की या मुलांपाशी पैसा नाही, ओळख नाही, वशिला नाही. परंतु दोन धडधाकट हात आहेत. शेतकऱ्याचा मुलगा लहानपणापासून कष्टांना सरावलेला असतो. हेच कष्ट त्याचे भांडवल का होऊ नयेत? मुलाने दिवसातील काही वेळ काम करावे, त्या कामाच्या मोबदल्यात त्याचे शिक्षण व्हावे आणि उरलेला वेळ त्याने अभ्यासात घालवावा. या विचारातून जी योजना निघाली, तीच कमवा आणि शिका या नावाने प्रसिद्ध झाली.

शाहू बोर्डिंगातील मुले पहाटे उठत. कोणी पाणी ओढी, कोणी अंगण झाडी, कोणी दळण दळी, कोणी भाजी चिरी. स्वयंपाक मुलेच करीत आणि कोठीचा हिशोबही मुलेच ठेवीत. माळरानाची खडकाळ जमीन मिळाली, ती मुलांनी पहारी आणि कुदळी घेऊन फोडली, तिच्यातील दगड वेचून बांध घातले, तीत खत घातले आणि पीक काढले. इमारत बांधावयाची झाली, तर दगड फोडणे, माती मळणे, विटा वाहणे ही कामे मुलांच्या हातची. स्वतः भाऊराव कुदळ घेऊन त्यांच्याबरोबर उभे राहत. जो गुरू मुलांबरोबर घाम गाळतो, त्याने सांगितलेले काम मुलांना हलके वाटत नाही.

काही लोकांना ही योजना पटली नाही. मुले कामाने थकली तर अभ्यास केव्हा करतील, असे ते विचारीत. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. दिवसभर राबणाऱ्या मुलाच्या हाती रात्री पुस्तक राहत नाही. म्हणूनच या योजनेत कामाचे तास आणि अभ्यासाचे तास वेगवेगळे ठरविलेले असत आणि कामे पाळीपाळीने वाटून दिलेली असत. घरी राहिलेल्या मुलालाही बैल सोडणे, गवत कापणे, पाणी पाजणे ही कामे चुकत नसतच. फरक इतकाच, की घरच्या कामाने पोट भरे; येथील कामाने पोट भरून शिवाय विद्या मिळे.

अशी वाट जगात दुसरीकडेही चोखाळली गेली होती. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन नावाचा एक निग्रो मुलगा गुलामीत जन्मला होता. गुलामी नष्ट झाल्यावर त्याला शिकण्याची तळमळ लागली. बराचसा प्रवास पायी करून तो १८७२ साली हॅम्प्टन येथील विद्यालयात पोचला आणि तेथील खोल्या झाडून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवू लागला. पुढे १८८१ साली टस्कीगी येथे त्याच्या हाती एक विद्यालय आले. तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी विटा पाडल्या आणि इमारती उभ्या केल्या. विटांची भट्टी एकामागून एक तीनदा फसली, तरी ते हटले नाहीत. महाराष्ट्रातील भाऊरावांची तुलना पुष्कळदा या थोर पुरुषाशी केली जाते. दोघांचे देश निराळे, पण दोघांपुढील प्रश्न एकच होता. ज्यांना शतकानुशतके श्रमच करावे लागले, त्यांच्या श्रमांना त्यांनी विद्येचे दार उघडण्यास लावले.

१९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले. १९४० साली संस्थेने सयाजीराव महाराजांच्या नावाने माध्यमिक विद्यालय सुरू केले. तेथे फी नव्हती, राहण्याची सोय होती आणि मुले काम करून शिकत. आता मॅट्रिक झालेल्या मुलांचा प्रश्न पुढे आला. ज्या डोंगराशी गरिबाची मुले थांबत, तो हाच. १९४७ सालच्या जून महिन्यात, देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, भाऊरावांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. इंग्रजी सहावीत शाळा सुटलेल्या माणसाने महाविद्यालय काढले.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे तीन खर्च असतात. पहिला फीचा, दुसरा राहण्याजेवण्याचा आणि तिसरा पुस्तके, परीक्षा व पुढील शिक्षणाचा. भाऊरावांनी तिन्हींचा विचार केला. गरीब विद्यार्थ्यांच्या फीचा भार संस्थेने उचलला आणि त्यासाठी स्वतः जनतेकडे हात पसरला. राहण्याजेवण्याचा खर्च विद्यार्थ्याने आपल्या श्रमांनी भरून काढावा, असे ठरले. त्यासाठी शेती, बागा, स्वयंपाकघर आणि बांधकामे यांत त्याला काम मिळे. तिसऱ्या खर्चासाठी लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. ज्याला उच्च शिक्षणासाठी रकमेची गरज असेल, त्याने येथून कर्ज घ्यावे आणि मिळवता झाल्यावर ते फेडावे, म्हणजे तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल, अशी त्यामागील दृष्टी. ज्या माउलीने मंगळसूत्र देऊन मुलांना जेवू घातले, तिच्या नावास शोभेल असेच हे स्मारक होते.

या व्यवस्थेत एक मर्म आहे. येथे कोणी कोणाचा मिंधा होत नव्हता. जो विद्यार्थी आज विटा वाही, त्याच्या विटांची भिंत उद्या येणाऱ्या विद्यार्थ्याला सावली देई. जो आज झाड लावी, त्याची फळे त्याच्या मागून येणारा खाई. तो स्वतःही कोणा आधीच्या विद्यार्थ्याने बांधलेल्या खोलीत राहत असे. साहाय्य घेतले, पण ते हातांनी फेडले आणि पुढे दिले, अशी जाणीव ज्याला असते, त्याची मान ताठ राहते. म्हणूनच स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले.

महाविद्यालयाच्या नावाविषयी एक गोष्ट सांगतात. एका धनिकाने मोठी देणगी देण्याची तयारी दाखविली, पण महाविद्यालयाचे नाव बदलावे, अशी अट घातली. संस्थेला पैशाची निकड होती. तरीही भाऊरावांनी ती देणगी नाकारली. शिवाजी महाराजांचे नाव पैशासाठी पुसावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. स्वातंत्र्यानंतर काही काळ सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हाही ते डगमगले नाहीत. ते पुन्हा जनतेकडे गेले. संत गाडगे महाराजांनी त्यांची बाजू घेतली आणि अखेर अनुदान पूर्ववत सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाड येथे संस्थेने जे महाविद्यालय काढले, त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले. १९५५ साली शिक्षकांच्या उच्च शिक्षणासाठी साताऱ्यात आझाद महाविद्यालय निघाले.

या वृक्षाला आलेली फळेही पाहण्याजोगी आहेत. शाहू बोर्डिंगात वाढलेले पां. ग. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. बॅरिस्टराला त्या काळी शहरात मोठा मान आणि मोठी मिळकत असे. पण ते परत आले, संस्थेच्या कार्यास लागले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशाच रीतीने शिकलेले कितीतरी विद्यार्थी संस्थेच्या शाळांत शिक्षक झाले आणि आडगावी जाऊन राहिले. कर्ज फेडण्याचा हाही एक प्रकार होता.

भाऊराव स्वतः साधेपणाने राहत. अंगात जाडीभरडी खादी, रुळणारी पांढरी दाढी आणि हातात काठी, अशी त्यांची मूर्ती महाराष्ट्राच्या परिचयाची होती. लोकांनी प्रेमाने त्यांना कर्मवीर म्हटले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ज्याला शाळेची अखेरची परीक्षाही देता आली नव्हती, त्याच्यापुढे विद्यापीठाने मान लवविली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात भाऊरावांनी देह ठेवला. त्या वेळी संस्थेची तीन महाविद्यालये आणि शंभराच्या वर माध्यमिक विद्यालये चालू होती. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

भाऊरावांच्या पश्चात काळ बदलला. भाऊरावांनी जे काम झोळी घेऊन आरंभिले होते, त्यातील मोठा भाग आता शासनाने उचलला आहे. मागासलेल्या जातींतील विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्यास केंद्र सरकारने १९४४ सालीच आरंभ केला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी, त्यांच्या मुलांना फी माफ करण्याचे धोरण यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने अंगीकारले. त्यानंतर बँकांची शैक्षणिक कर्जेही मिळू लागली. तथापि कमवा आणि शिका या मार्गाची गरज संपलेली नाही. पुण्याच्या विद्यापीठाने अशी योजना चालविली असून तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव दिले आहे. तीत विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात लिहिण्याचे काम करतात, बागेला पाणी घालतात आणि तासांच्या हिशोबाने मोबदला घेतात.

पनवेलच्या बाजूची काही मुलेही सह्याद्री ओलांडून साताऱ्यास गेली आणि शिवाजी महाविद्यालयात राबून शिकली. पुढे वडाची पारंबी घाट उतरून खाली आली आणि पनवेलच्या भूमीत रुजली. आता तेथील शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, मजुराच्या मुलीला किंवा मुलाला पदवीसाठी घर सोडून दूर जावे लागत नाही. गावातच महाविद्यालय असले, म्हणजे खोलीचे भाडे वाचते, खानावळ वाचते आणि सायंकाळी घरच्या कामाला हात लावता येतो. उच्च शिक्षणाचा खर्च कमी करण्याचा हाही एक उपाय आहे आणि तो भाऊरावांनी खेडोपाडी शाळा काढून प्रथमपासूनच अवलंबिला होता.

शिक्षणाला पैसा लागतो, हे खरे. तो कधी शिष्यवृत्तीच्या रूपाने येतो, कधी कर्जाच्या, कधी आईच्या दागिन्यांच्या, तर कधी स्वतःच्या श्रमांच्या रूपाने येतो. तो कोणत्याही वाटेने आला, तरी त्याच्यामागे कोणाचे तरी कष्ट असतात. त्या कष्टांची आठवण ठेवून जो शिकतो आणि शिकल्यावर मागून येणाऱ्याला हात देतो, त्याचे ऋण फिटते. साताऱ्याच्या माळावर कुदळ चालविणाऱ्या मुलांना भाऊरावांनी हेच शिकविले होते.